हात कुणाचा हलत होता

भाऊ, आधी आपलं भांडण संपवू, रडायचं नंतर बघू. तू गेल्यापासून माणसं येताहेत, माझ्या पाठीवरून हात फिरवताहेत आणि तू किती शांत होतास, किती समजूतदार होतास ते मलाच सांगताहेत. मी मान डोलावते. वर्षभर तू माझं डोकं कसं खाल्लंस ते त्यांना कुठे ठाऊक. आणि आता मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, अशी की ऐकून तुझं तोंड बघण्यासारखं झालं असतं, तर नेमका तू नाहीस. चिडू नको तर काय करू?

गोष्ट माझ्या हाताची आहे. तू म्हणायचास, तो हलतो. मी म्हणायचे, हलत नाही. आपलं शेवटचं बोलणंही यावरच झालं, फोनवर, आणि तू "बरं, राहू दे" म्हणून फोन ठेवलास. नवरात्र होतं, खाली सोसायटीत गरब्याचा स्पीकर लागला होता, मी मनात म्हटलं, उद्या बघते तुझ्याकडे. मग तुझ्या छातीत दुखलं आणि ते "राहू दे" तसंच राहिलं.

सुरुवात तूच केलीस. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तू आमच्याकडे आलास, मी तुला ओवाळलं आणि तू ताटात साडीच्या पाकिटाऐवजी एक इवलीशी डबी ठेवलीस. मला वाटलं कानातलं असेल. उघडून बघते तर कपडे वाळत घालायला लावतात तसला चिमटा आणि त्याला बटणाएवढं भिंग. "मोबाइलला लाव," म्हणालास, "आणि बघ तुझ्या घरात कोण कोण राहतं ते." शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालास, पण फळ्यासमोरून काही हटला नाहीस. ह्यांनी लगेच विचारलं, "आम्हाला काही नाही का?" तू म्हणालास, "दाजी, तुम्हाला तिचे फोटो बघावे लागणार आहेत, तेवढं पुरे."

मी त्याच ताटातल्या अक्षतांवर मोबाइल धरला. पडद्यावर नुसतं धुकं, आणि मग एकदम तांदळाचा दाणा वर आला, केवढा तरी, अंगावर रेघा, टोकाशी तुटलेला, आणि कुंकू त्याच्या कपारीत जाऊन बसलेलं. मी बटण दाबलं. स्वच्छ आला. तू मोबाइल हातात घेतलास, चष्मा कपाळावर चढवलास आणि म्हणालास, "पहिल्याच झटक्यात? मला महिने लागले होते." तुझ्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे आपल्या घरात सणच. मी दिवसभर तो तांदूळ सगळ्यांना दाखवत फिरले.

त्यानंतर मात्र एकही फोटो धड आला नाही. दिवाळीची गर्दी ओसरली, पाहुणे गेले, आणि मी रोज दुपारची जेवणं आटोपून भिंग घेऊन बसायला लागले. मिठाचा खडा, जिऱ्याचा दाणा, काडेपेटीतल्या काडीचं गुल, माझ्या लग्नातल्या शालूची जर. किडे पुढे बघू, आधी न हलणाऱ्या वस्तूंवर हात बसव, असं तू सांगितलं होतंस. हात काही बसेना. पडद्यावर नीट दिसायचं आणि फोटोत बघावं तर सगळ्या कडा दुहेरी, ओल्या कागदावर शाई उतरावी तशा. मी तुला पाठवायचे. तुझं उत्तर ठरलेलं, दोन शब्दांचं. हात हलला.

तुझ्या सूचना मला पाठ झाल्या. मोबाइलशी खेळत बसायचं नाही, आपण स्वतः पुढेमागे व्हायचं आणि तेही तांदूळभर. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, मग दाबायचं. कोपर हवेत ठेवायचं नाही, गुडघ्यावर टेकवायचं. ऊन कडक असेल तर मध्ये बटर पेपर धरायचा. आणि किडा असेल तर फोकस त्याच्या डोळ्यावर, कारण डोळा पुसट असला तर बाकीचं कितीही सुंदर असो, फोटो मेला. मी सगळं केलं. मांजरपाटाची पिशवी शिवली, तिच्यात तुरीची डाळ भरली आणि तिच्यावर मोबाइल टेकवला. तरी पुसट. तू म्हणालास, दाबताना धक्का बसतो. ह्यांनी एकदा विचारलं की आज आमटी इतकी पातळ का, तेव्हा मी म्हटलं, डाळ फोटोत गेली.

रविवारी तू शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून, स्कूटरवर यायचास. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं आहे, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, तिथले माग रविवारीसुद्धा थांबत नाहीत, त्यामुळे तुझं शिकवणं म्हणजे ओरडणं. "श्वास सोड" असं तू गॅलरीत उभा राहून ओरडायचास आणि समोरच्या हंसाबेन बाहेर येऊन बघायच्या की कुणाला काय झालं. मला तो आवाज ऐकूच येत नाही. लग्न होऊन इथे भेस्तानात आले तेव्हा सुरुवातीला डोळ्याला डोळा लागला नव्हता, आता गावी गेले की शांततेने झोप उडते. तू मात्र कानात बोटं घालून म्हणायचास, "इथे राहून राहून तुम्ही लोक बहिरे झालात." हा शब्द लक्षात ठेव, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

किड्यांचं म्हणशील तर माझ्या गॅलरीत त्यांना तोटा नव्हता. जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण, मिरचीवर मावा आणि माव्याच्या मागे मागे मुंग्या, भिंतीवर उड्या मारणारा तो बुटका कोळी, जो अंग वळवून माझ्याकडेच बघत बसतो. आणि कढीपत्त्यावर अळ्या. पूर्वी अळी दिसली की मी फांदी झटकायचे आणि विषय संपायचा. तू आडवा आलास. "फुलपाखरू होणार आहे तिचं, मंगल. फोटो येईपर्यंत राहू दे." फोटो कधी येणार होता? अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, मग कोष करते आणि उडून जाते, की दुसरी हजर. माझा कढीपत्ता पार बोडका झाला. फोडणीला पान राहिलं नाही. तर दर रविवारी तू मंडईतून कढीपत्त्याची जुडी आणून गुपचूप माझ्या ओट्यावर ठेवायला लागलास. भाऊ, मला ते फार आवडायचं. ती जुडी निवडताना मी एकटीच हसायचे. पण माझी चिडचिडच एवढी चालली होती की हे तुला सांगायचं राहून गेलं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार अशी की तू माझ्या गॅलरीत बसून एकही फोटो काढला नाहीस. मी किती वेळा म्हटलं, एक काढून दाखव ना. तुझं ठरलेलं, "मी काढून दिला की तुझं शिकणं थांबलं." कॅमेरा खांद्याला असायचा, त्यावर ती उलटी बसवलेली जुनी लेन्स, सगळा सरंजाम, आणि तरी नाही. शाळेत म्हणे तू पोरांच्या हातातून कधी खडू काढून घेतला नाहीस, चुकत असली तरी फळ्यावर शेवटपर्यंत चुकू दिलंस. असेल. पण मी तुझी विद्यार्थिनी नव्हते, बहीण होते. सुरुवातीलाच एकदा त्या स्टुलावर बसून बटण दाबलं असतंस तर आपलं वर्ष वाचलं असतं. का, ते सांगते, जरा दम धर.

पाऊस उघडल्यावर तू मला हजिऱ्याच्या बाजूला नेलंस, चतुर बघायला. लांबवर कारखान्यांच्या चिमण्या, अलीकडे खाजणाचं पाणी, उंच गवत आणि गवताच्या टोकांवर बसलेले चतुर. वारा असा की माझा पदर सारखा तोंडावर येत होता. चतुर गवतासकट डोलत होता, मी चतुराबरोबर डोलत होते, आणि रस्त्यावरून ट्रेलर गेला की सगळेच उडून जायचे. माझे सगळे फोटो वाया. तू चिखलात गुडघे टेकलेस आणि तेवढ्या वाऱ्यात एक काढलास, चतुराच्या डोळ्यावरची जाळी दिसावी असा. परतताना स्कूटर चालवता चालवता, मागे न बघता म्हणालास, "तुना हात हाली ऱ्हायना, मंगल."

म्हणजे तुझं तेच, हात हलतोय, पण अहिराणीत. एरवी तू शाळेतलं मराठी बोलणारा. आपली घरची अहिराणी तुझ्या तोंडात दोनच वेळा यायची, खूप प्रेम आलं की, नाहीतर घाबरलास की. आणि त्या दिवशी तू लाडात आलेला नव्हतास.

घाबरण्याचं कारण आपल्या दोघांनाच माहीत होतं. आपले आप्पा. ते कापडाच्या ऑफिसात तपासणीला होते. कापडावर घडीचं छोटं भिंग उभं करायचे आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे. सुट्टीला ते भिंग घरी यायचं आणि आपण दोघं त्यातून ओटीवरच्या मुंग्या बघायचो, तुझं सगळं वेड तिथलंच. पुढे त्याच आप्पांची सुई धाग्यावर ठरेना. मग सही ठरेना. मग बशी. चहा सांडला की ते आपल्याकडे बघायचे नाहीत, खिडकीकडे बघत राहायचे. शेवटी मी भरवायचे आणि तू त्यांची दाढी करून द्यायचास. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण आपण ते घरात कधी उच्चारलं नाही. "आप्पांचं ते" एवढंच म्हणायचो.

तर तुझा तर्क सरळ होता. पहिला फोटो स्वच्छ आला म्हणजे भिंग चांगलं आहे. मिठाचा खडा काही जागचा हलत नाही. मग हललं कोण? साठीला आलेल्या बहिणीचा हात, आणि बापाला ते होतं. मला हा तर्क कळत होता, म्हणूनच तर मी इतकी चिडत होते. मी भाकरी थापताना हाताकडे बघायला लागले. उगाच सुईत दोरा ओवून बघायचे आणि पहिल्या फटक्यात गेला तरी वाटायचं, आज गेला, उद्याचं काय. कपबशी ओट्यावर ठेवली की किणकिण ऐकू येते का म्हणून कान द्यायचे. यायची. मग दिवसभर डोक्यात तेवढंच. तू मला छंद लावायला निघालास आणि मला माझ्याच हाताची भीती घालून बसलास.

मग तो शेवटचा रविवार. मी चहा घेऊन गॅलरीत आले तर तू कॅमेरा घाईघाईने बॅगेत भरत होतास. चहा अर्धा टाकलास. विचारलं तर म्हणालास, डोकं दुखतंय. कढीपत्त्याची जुडी तशीच स्कूटरच्या हुकाला लटकत परत गेली. मला वाटलं, माझ्यावर वैतागला. आणि दोन दिवसांनी फोन, की मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय.

"गुरुवारी जायचं. मी घ्यायला येतो."

"मी नाही येणार."

"मंगल, लवकर कळलं तर औषध असतं."

"माले काय बी व्हयेल नही."

"मग फोटो का येत नाहीत?"

"तुझं भिंग भिकार आहे म्हणून."

मला खरं तर तू ओरडायला हवा होतास, म्हणजे मीही ओरडले असते आणि दोघांचं पोट रिकामं झालं असतं. तू नुसतं म्हणालास, बरं, राहू दे. त्या गुरुवारी आम्ही सगळे तुझ्याच घरी सतरंजीवर बसलो होतो आणि दवाखान्यातून तुझ्या मोबाइलवर विचारणा आली की अजून आला नाहीत. वहिनीने उचलला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी आत निघून गेले.

दिवाळी आली. सासरी सुतक नव्हतं, करायला कुणाची हरकत नव्हती, पण कढई बाहेर काढायचं मन होईना. ह्यांनी बाजारातून चिवडा आणला, तो पिशवीतच राहिला. भाऊबीजेच्या सकाळी हंसाबेननी गॅलरीतून हाक मारली, "मंगलबेन, आजे भाई नथी आववाना?" आज भाऊ येणार नाही का, असं विचारलं आणि लगेच जीभ चावली. माझ्या जावेचा फोन आला की भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात, तू पण ओवाळ. मी म्हटलं, चंद्र माझा भाऊ नाही, त्याने मला कधी कढीपत्ता आणून दिला नाही. बिचारीने फोन ठेवून दिला. पुढे तिची माफी मागितली, पण बोललेलं खोटं नव्हतं.

तरी हात सवयीने चाललाच. ताट केलं, निरांजन ठेवलं, तांदळाला कुंकू लावलं. ते ताट घेऊन गॅलरीत येऊन बसले, स्टुलावर ठेवलं आणि पुढे काय करायचं ते कळेना. मग रागारागाने तुझं भिंग मोबाइलला लावलं आणि अक्षतांवर धरलं. तुझ्या माघारी का होईना, भिंग भिकार आहे हे सिद्ध करायचंच होतं मला.

स्वच्छ आला. तांदळाची एकेक रेघ. मी दुसरा काढला, तोही स्वच्छ. निरांजनातल्या वातीचा कापूस काढला, त्याचे तंतू सुटे सुटे दिसले. कढीपत्त्याच्या उरल्यासुरल्या डहाळीवर एक हिरवी अळी होती, तिच्या अंगावरचे ठिपके, फांदीला धरलेले आखूड पाय, सगळं. मी उजवा हात पुढे धरून बघितला. हलत नव्हता. मग बरा झाला म्हणायचा? तू जाताना घेऊन गेलास? असले विचार मी करत नाही हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी केले. आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा नीट, आवाज करून रडले.

मधल्या दिवसांत मी घरातलं काही सोडलं नाही. दिसेल त्याचा फोटो. माझा कोळीसुद्धा आला, सगळ्या डोळ्यांसकट. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, लाभपाचमेच्या सकाळी, पुन्हा गॅलरीत बसले. अळी कोषाची तयारी करत होती, धाग्याने स्वतःला फांदीशी बांधून घेत होती. मी एकामागून एक काढत होते, सगळे छान. आणि मध्येच एक पुसट. परत काढला, पुसट. परत, पुसट. म्हटलं, आलं परत. पाणी प्यावं म्हणून मोबाइल बाजूला ठेवला, पेल्याकडे बघितलं, तर पाणी कापत होतं. मी पेल्याला हात लावलेला नव्हता. पेला जमिनीवर ठेवलेला आणि पाण्यावर बारीक बारीक गोल, थांबायचं नाव नाही. मी नुसती बघत बसले. आणि मग, इतक्या वर्षांनी, मला ते ऐकू आलं. मागच्या खात्यात मुहूर्ताचे लूम सुरू झाले होते.

कळलं का, मास्तर? खातं दिवाळीत बंद असतं. कारागीर गावाला जातात, लाभपाचमेपासून हळूहळू परततात. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेलाही ते बंदच होतं, म्हणून माझा तांदूळ स्वच्छ आला आणि म्हणून त्यानंतर काहीच आलं नाही. वर्षभर भिंत हलत होती, फरशी हलत होती, स्टूल, डाळीची पिशवी, कढीपत्त्याची कुंडी, मिठाचा खडा, ओट्यावरची कपबशी, सगळं घर हलत होतं, आणि आपण दोघं माझ्या हाताकडे बघत बसलो होतो. डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक हलणं, पण त्या भिंगाला दिसत होतं. मी त्या हलण्यातच राहते, मला ते हलणं वाटतच नाही. तू बहिरे म्हणालास ना, माझे कान जाऊ दे, माझे तळपायसुद्धा बहिरे झालेत. पण तू? तुला तर आवाज ऐकू येत होता. तू कानात बोटं घालत होतास. आवाज म्हणजे कंप, हे तू किती पिढ्यांना घोकायला लावलंस, आणि बहिणीच्या गॅलरीत उभा राहून तुला ते सुचू नये? मला इतका राग आला की पेला उचलून पाणी कुंडीत ओतून दिलं.

हे सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग खातं बंद असेल तेव्हा काढत जा." झालं. वर्षभराच्या भांडणाचा निकाल लागला आणि ऐकायला मिळालं हे माणूस.

म्हणून वहिनीकडे गेले. तुझ्याकडे येताना मी भिंग कधी आणलंच नव्हतं, माहेरी आल्यावर गप्पा मारायच्या की मिठाचे खडे बघायचे? या वेळी आणलं. तुझ्या खिडकीजवळच्या टेबलावर मीठ ठेवलं, पाण्याचा पेला ठेवला. पाणी आरशासारखं. फोटो स्वच्छ. मग वहिनीला बसवून सगळं सांगितलं, अक्षतांपासून लूमपर्यंत. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने पदर तोंडावर धरला.

"मंगलताई," मग म्हणाली, "त्या रविवारी तुम्ही चहा करायला आत गेलात, तेव्हा ह्यांनी तुमच्या गॅलरीत एक फोटो काढला होता."

मी म्हटलं, "शक्यच नाही. तो तिथे कधी काढायचा नाही."

"काढला होता. तुम्हाला चकित करायचं म्हणून. घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला. मला दाखवला आणि म्हणाले, मनाबी हात हाली ऱ्हायना वं. त्या दिवसापासून सकाळी दाढीच्या आधी आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून उभे राहायचे. डॉक्टरकडे नंबर दोघांचा लावला होता. आधी तुमचा, मग त्यांचा."

तिने कॅमेरा आणून दिला. शेवटचा फोटो तोच. माझा कढीपत्ता, माझी अळी, आणि सगळ्या कडा दुहेरी, जशा माझ्या यायच्या तशाच.

भाऊ, तू हे मला सांगितलं का नाहीस? फोनवर नुसतं एवढं म्हणाला असतास की मंगल, माझाही फोटो पुसट आला, तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं, कुठे काढलास? माझ्याकडे? मग हजिऱ्याला वाऱ्यात तुझा चतुर कसा आला? आपण दोघं एवढे काही मठ्ठ नव्हतो. एकमेकांचं ऐकलं असतं तर चहा संपायच्या आत उलगडा झाला असता. निदान "राहू दे" म्हणून फोन ठेवला नसतास. तुला हृदयाचं काही होईल अशी भीती कधी वाटली नाही, तू आपला सकाळी उठून हात बघत राहिलास. जे नव्हतं त्याला घाबरत गेलास. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, तू गेलास याच्यापेक्षाही, असं कधी कधी वाटतं.

वहिनीने विचारलं, तो फोटो पुसून टाकू का, बघवत नाही. मी म्हटलं, नको, तो मला दे. माझ्या गॅलरीत तू काढलेला तेवढा एकच आहे. मी तो तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवलाय. तुझ्या नियमाप्रमाणे तो मेलेला फोटो, अळीचा डोळाही दिसत नाही त्यात. असू दे.

आज रविवार आहे. कारागीर परतले, खातं पुरं भरलंय, ओट्यावरच्या पेल्यात पाणी कापतंय. सकाळी मंडईतून कढीपत्त्याची जुडी मीच आणली आणि निवडताना हसू काही आलं नाही. आता हे लिहिताना मध्येच हात पुढे धरून बघते, तुझ्यासारखी मलाही सवय लागली. लाभपाचमेपासून हे तुला कसं सांगायचं ते जुळवते आहे, आणि शेवटी आपल्या बोलीतच सांगावं लागणार, कारण घाबरलास की तुला तीच कळायची. भाऊ, ऐक. तुना हात हालत नव्हता. मनाबी हालत नही.